साडेबाराला आपोआप सुरू झालेला पंप

*ताई, आमचं वेळणेश्वरला चिऱ्याचं जुनं घर आहे, मागे नारळ-पोफळीचं आगर. आई-बाबा तिथेच असतात, बाबा ७४ वर्षांचे. मी डोंबिवलीत. दोन वर्षांपूर्वी हौसेने विहिरीचा एक एचपीचा पंप, ओटी-खळ्यातले दिवे, टाकीची पातळी आणि दोन कॅमेरे मोबाइलवर आणले. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर, वाय-फायचे सात स्विच, झिग्बी या वेगळ्या बिनतारी जाळ्याचे चार सेन्सर. पहिलं वर्ष छान गेलं. आता रोज काहीतरी बंद. टाकीचा सेन्सर पावसात दोन-दोन दिवस गायब असतो. गेल्या पावसाळ्यात पायचं मेमरी कार्ड गेलं. एकदा रात्री नऊला लाईट गेली ती पहाटे चारला आली, नेट संध्याकाळपर्यंत नव्हतं, आणि भर दुपारी साडेबाराला पंप आपोआप सुरू झाला. पंपाची वेळ पहाटे साडेपाचची लावलेली आहे. बाबा तेव्हा विहिरीवरच होते. दुसऱ्या एका दिवशी अॅपमध्ये ‘बंद’ दिसत होतं, पण पंप चालूच. टाकी वाहून परसदारी चिखल झाला. आई म्हणते, हे सगळं काढून टाक, नाहीतर राखणदाराला नारळ तरी दे. सगळं काढून नवीन, महागाचं घ्यावं का?*
— एक वाचक, डोंबिवली

नवीन काही घेऊ नका. जे आहे त्यातलं निम्मं ठीक आहे, उरलेलं चुकीच्या जागी बसलंय. आणि आईंना सांगा, नारळ द्यायचा तर जरूर द्यावा, पण साडेबाराच्या प्रकाराशी राखणदाराचा संबंध नाही. त्या प्रकाराचं कोडं तुमच्या पत्रातच सुटलेलं आहे.

नऊ ते चार म्हणजे सात तास. साडेपाचात सात मिळवा. साडेबारा.

रास्पबेरी पाय ४ ला स्वतःचं, सेलवर चालणारं घड्याळ नसतं. वीज आली की तो उठतो आणि इंटरनेटवर वेळ विचारतो. त्या दिवशी नेट नव्हतं. मग त्याला जी शेवटची वेळ ठाऊक होती, रात्री नऊच्या आसपासची, तिथून त्याने पुढे मोजायला सुरुवात केली. तुमच्या घरात पहाटेचे चार वाजले होते आणि त्याच्या लेखी रात्रीचे नऊ. घराच्या आतलं वाय-फाय चालू असल्यामुळे स्विच त्याचं ऐकत होते, त्यामुळे त्याच्या साडेपाचला त्याने प्रामाणिकपणे पंप लावला. आपल्याकडे वीज आणि नेट जोडीनेच जातात, म्हणून हा घोटाळा पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटमध्ये सहसा दिसत नाही, कोकणात दिसतो.

याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही करा. डीएस ३२३१ नावाचं बोटाच्या पेराएवढं घड्याळाचं मॉड्यूल मिळतं, आत नाणंसेल असतो. ते पायवर बसवून त्याच्या सेटिंगमध्ये चालू करायचं. दुसरं, पाय आणि राऊटर इन्व्हर्टरवर घ्या. तुमच्या इन्व्हर्टरवर पंखे नि दिवे असतील, बहुतेकांच्या असेच असतात. खरं तर पाय-राऊटर मिळून एका पंख्याइतकीही वीज खात नाहीत. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ मोडचं बटण असेल तर ते दाबून पाहा. त्याने वीज जाताना बॅटरीवर जाण्याचा क्षण आखूड होतो आणि पाय झटका खाऊन पुन्हा सुरू होत नाही. मात्र या मोडमध्ये व्होल्टेज थोडं उतरलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येत असेल तर बॅटरी रोज रिकामी होईल. तसं असेल तर इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवा आणि पाय-राऊटरला छोटा वेगळा यूपीएस द्या.

पण खरं सांगू का, पंप वेळेवर लावण्याची कल्पनाच मला पसंत नाही. विहिरीवर माणसं जातात. बाबा पायरीवर बसून फूटव्हॉल्व्ह बघत असतील, पाइपाचा सांधा आवळत असतील. यंत्राने स्वतःच्या मनाने मोटर सुरू करणं आणि स्वतःच्या मनाने बंद करणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत. बंद झालेल्या पंपाने फार तर झाडं एक दिवस तहानलेली राहतील. म्हणून माझ्या घरी नियम असा: सुरू करायचं माणसाने, बंद करायचं यंत्राने. बाबा सकाळी उठून आगरात चक्कर मारतातच, बटण त्यांनाच दाबू द्या. टाकी भरली, विहीर तळाला गेली किंवा पाऊण तास झाला, की बंद होण्याचं काम तुमच्या यंत्रणेचं.

आता दुसरी तक्रार, अॅपमध्ये बंद पण पंप चालू. ही जास्त गंभीर आहे आणि तिचा सॉफ्टवेअरशी काडीचा संबंध नाही. वाय-फायच्या स्विचवर ‘१६ अँपिअर’ लिहिलेलं असतं ते गीझर-इस्त्रीसारख्या सरळ भारासाठी. एक एचपीची मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होतानाच्या पहिल्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट ओढते. व्होल्टेज कमी असेल तर मोटर वेग घ्यायला घुटमळते आणि तो क्षण लांबतो. प्रत्येक वेळी स्विचच्या आतल्या रिलेच्या, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या भागाच्या, टोकांवर ठिणगी पडते आणि एके दिवशी ती टोकं एकमेकांना वितळून चिकटतात. मग अॅप म्हणतं बंद, रिलेची कॉइलही खरोखर सुटलेली असते, पण टोकं सुटत नाहीत. तुम्ही नवा स्विच आणून लावलात तर तोही वर्ष-दीड वर्षाने हेच करेल.

तिथे काँटॅक्टर हवा, म्हणजे जड भार जोडणारा-तोडणारा दणकट रिले. मोटरच्या कामासाठीचा, ज्यावर ‘एसी-३’ असं रेटिंग दिलेलं असतं, आणि त्याला जोडून मोटरने जास्त करंट ओढला तर ती बंद करणारा ओव्हरलोड रिले, मोटरच्या पाटीवर जितके अँपिअर लिहिलेत तितक्यावर लावलेला. मोटरचा करंट काँटॅक्टरमधून जाईल आणि तुमच्या वाय-फाय स्विचने फक्त काँटॅक्टरची कॉइल ओढायची, ती अगदीच हलकी असते. त्या कॉइलच्या वाटेतच टाकीतला फ्लोट स्विच ओवून घ्या. म्हणजे टाकी भरली की फ्लोट उचलला जाईल, कॉइल सुटेल आणि पंप थांबेल. त्या वेळी पाय मेलेला असो, नेट गेलेलं असो, सेन्सर गायब असो. सध्या तुमचा पंप बंद होणं त्या बॅटरीवरच्या सेन्सरवर अवलंबून आहे, आणि तोच सेन्सर दोन-दोन दिवस दिसत नाही असं तुम्हीच लिहिलंय. पाण्याची गोष्ट अशा भरवशावर सोडू नये.

वाय-फाय स्विचच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही दोन गोष्टी बघा. बहुतेकांत असतात. एक, चालू झाल्यापासून अमुक मिनिटांनी आपोआप बंद. हे होम असिस्टंटमध्ये नव्हे, स्विचच्या आत लावायचं, म्हणजे पाय झोपला तरी ते चालतं. दोन, वीज परत आल्यावर काय करायचं: ‘पूर्वीसारखं’ की ‘बंद’. दिव्यांना पूर्वीसारखं चालेल. पंपाला कायम ‘बंद’, कारण वीज परत येते ती पहिली काही मिनिटं लंगडत येते, आणि नेमकं तेव्हाच मोटरने जोर लावणं बरं नव्हे.

आणि विहिरीजवळ, हाताला येईल असा, छपराखाली, फिरवायचा आयसोलेटर, म्हणजे पंपाची लाइन पूर्ण तोडणारा स्विच. बाबांनी विहिरीकडे काही करायला जाताना आधी तो शून्यावर फिरवायचा, मगच पुढे. पंपाच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर बाकी सगळं राहू दे, आधी तो बसवा. ओले हात, ओली जमीन आणि पंप हे आपल्याकडचं रोजचं चित्र आहे. ही सगळी कामं परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, व्हिडिओ बघून नको.

सेन्सरचं दुखणं हलकं आहे, पण त्यात गंमत आहे. चिरा दिसायला दगड असला तरी स्वभावाने स्पंज. पावसाळ्यात नऊ इंची भिंत पाणी पिऊन बसते, आणि वाय-फाय-झिग्बीच्या लहरी पाण्यात अडतात. मे महिन्यात ठणठणीत असलेला सेन्सर जुलैत हरवतो तो यामुळे. त्यात मागच्या पडवीवर पत्रा असेल तर विचारूच नका. झिग्बीचा मोठेपणा असा की विजेवर चालणारं प्रत्येक झिग्बी उपकरण पुढच्याचा निरोप पोचवतं. पण सेलवर चालणारी उपकरणं निरोप पोचवत नाहीत, ती फक्त स्वतःचं बोलतात. तुमचे चारही सेन्सर सेलवरचे, आणि सातही स्विच वाय-फायचे, म्हणजे झिग्बीच्या दृष्टीने घरात मधे कुणीच नाही. परसदारचा सेन्सर ओल्या भिंतीपलीकडून माजघरातल्या पायला हाका मारतोय! स्वयंपाकघरात मागच्या खिडकीजवळ झिग्बीचा एक प्लग कायमचा लावा आणि सेन्सर पुन्हा जोडा, म्हणजे तो जवळचा रस्ता शोधेल. त्या प्लगवर मिक्सर लावू नका आणि तो कुणी उपसणार नाही याची काळजी घ्या. उपसला की पूल गेला.

पायला लावलेली झिग्बीची काडी कुठल्या खाचेत आहे? निळ्या यूएसबी खाचेत असेल तर काढा. यूएसबी ३ च्या खाचेतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो आणि काडीचे कान बधिर होतात. काळ्या खाचेत, मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून, काडी पायपासून दूर भिंतीवर टांगा. शंभर-दोनशे रुपयांच्या या केबलने जितके ‘खराब’ सेन्सर बरे झालेले मी पाहिलेत, तितके नवे सेन्सर आणून झालेले नाहीत. राऊटरचं चॅनेलही ‘ऑटो’वरून काढून पक्कं करा. तुमचं झिग्बी ११ किंवा १५ वर असेल (बहुधा असेलच), तर वाय-फाय ११ वर ठेवा. दोन्हीकडे अकरा म्हणजे टक्कर होईल असं वाटतं, पण हे अकरा वेगळं नि ते वेगळं. झिग्बीचं ११ पट्ट्याच्या एका टोकाला आहे, वाय-फायचं ११ दुसऱ्या टोकाला. बदल करताना वाय-फायचंच चॅनेल बदला, झिग्बीचं बदललंत तर काही सेन्सर रुसतात आणि पुन्हा एकेक जोडत बसावं लागतं.

आणि राऊटर लोखंडी कपाटावर किंवा कपाटामागे असेल तर तो आधी हलवा.

मेमरी कार्ड जाणं अटळ होतं. होम असिस्टंट दिवसभर प्रत्येक सेन्सरची नोंद लिहीत राहतो, आणि लिहिता-लिहिता वीज गेली की कार्डाचा घात होतो. छोटी एसएसडी घ्या, यूएसबीने लावा, पाय तिच्यावरून सुरू करा. अॅडॉप्टर पायसाठीचाच, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा. मोबाइलचा जुना चार्जर लावून बरेच जण पस्तावतात. नोंदी दहा दिवसांच्या वर ठेवायची गरज नाही. बॅकअप आपोआप घराबाहेर, म्हणजे तुमच्या डोंबिवलीच्या संगणकावर किंवा क्लाउडवर जाऊ दे, आणि वर्षातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कार्डावर उतरवून खरंच चालतो का ते बघा. न उतरवलेला बॅकअप म्हणजे न चाखलेलं लोणचं, बरणी उघडेपर्यंत बुरशी कळत नाही.

आता विजांचं. आपल्याकडे मे अखेर ते मृगापर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरात परतीच्या पावसात विजा कडाडतात. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारं उपकरण, बसवा, पण ते अर्थिंगवर चालतं, आणि कोकणातलं अर्थिंग हा स्वतंत्र विषय आहे. कातळ-जांभ्यात खड्डा कितीही खणा, मे महिन्यात तो खडखडीत कोरडा होतो आणि त्यातून करंट जमिनीत उतरत नाही. आमच्या घरचा जुना वायरमन उन्हाळाभर दर रविवारी अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतायला लावायचा. आम्ही पोरं हसायचो. तो बरोबर होता. कोळसा-मीठ घातलेला जुना खड्डा असेल तर मापून घ्या, नाहीतर रासायनिक इलेक्ट्रोड बसवा. विहिरीच्या कडेची ओलसर जागा त्यासाठी बरी.

एक चूक माझी स्वतःची. फाटकावरच्या कॅमेऱ्याला मी ४० मीटर तांब्याची नेटवर्क केबल माडावरून ओढून नेली होती. एका संध्याकाळी जवळच कुठेतरी वीज पडली. मेन स्विच मी आधीच पाडलेला होता, त्यामुळे निर्धास्त होते. पण झटका आला तो त्या केबलमधून. कॅमेरा, राऊटर आणि टीव्ही, तिन्ही गेले. तेव्हापासून बाहेरच्या कॅमेऱ्यांना वाय-फाय किंवा फायबर. तुमचे कॅमेरे तांब्याच्या केबलवर असतील तर निदान वादळ दिसलं की राऊटरकडचं टोक उपसायला आईंना शिकवा. आपल्या आया टीव्हीचं बटण बंद करून वायर काढतात ना, तसंच.

पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करतो तशी यंत्रणेचीही आगोट असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस काढून जा. मेन बंद करून बाहेरचे सगळे डबे उघडा. आत पालीची अंडी, मुंग्यांचं वारूळ, कुंभारमाशीचं मातीचं घर, यातलं काहीतरी निघणारच. माझ्याकडे एकदा पाल दोन टोकांमध्ये सुकून बसली होती आणि दर ओल्या संध्याकाळी खळ्यातला दिवा लुकलुकायचा. मी तीन महिने वाय-फायला दोष देत होते. डब्याला वायर वरून घुसवलेली असेल तर ती खालून घ्या, आणि आत जाण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी पागोळीसारखं झोळावरून गळून जाईल. तांब्याच्या टोकांवर हिरवट पूड दिसली तर ती खारी हवा आहे. टोक कापून नवीन सोला, कथिल चढवलेलं लग लावा, स्क्रू आवळा. कॅमेऱ्याच्या काचेवर मिठाचा पापुद्रा चढतो, तो गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, कोरड्याने पुसलात तर ओरखडे येतात. आरसीसीबीचं ‘टी’ बटण दाबून बघा, पडला पाहिजे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी.

अपडेट. होम असिस्टंटचं नवं रूप दर महिन्याला येतं. दर महिन्याला ते घेतलंच पाहिजे असं नाही. तुम्ही प्रत्यक्ष घरी असाल तेव्हा, आधी बॅकअप घेऊन, पोचल्याच्या दिवशी करा, निघायच्या सकाळी नको. गणपतीत तर हात लावू नका. घरात वीस माणसं, मखराला दिव्यांच्या माळा, आणि तुम्ही लॅपटॉप घेऊन माजघरात, हे दृश्य आईंना या वर्षी दाखवू नका.

आईंचं म्हणणं मात्र मी तुमच्यापेक्षा जास्त मनावर घेईन. त्यांना यंत्राचा राग नाही, भिंतीवरचं बटण दाबून दिवा लागत नाही याचा राग आहे. कुठे स्मार्ट बल्ब लावले असतील तर ते काढा. बटण बंद केलं की बल्ब मरतो, मोबाइलला सापडत नाही, आणि मग ‘बटणाला हात लावू नकोस’ असं आईलाच तिच्या घरात सांगावं लागतं. त्याऐवजी जुन्या बटणाच्या मागे बसणारे रिले मॉड्यूल घ्या. बटणही चालतं, मोबाइलही चालतो. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तिथे मोबाइल काय आणि सेन्सर काय. विहिरीवरचा रहाट अजून असेल तर मोडीत काढू नका, दोर तेवढा बदला.

आणि आईंना एक काम द्या. दूध, गॅस, पेपर यांची खूण त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर करतच असतील. त्याच चौकोनात, काही बिघडलं की दोन शब्द: किती वाजता, पाऊस होता का, लाईट गेली होती का. तुमच्या पत्रात त्या रात्रीच्या वेळा होत्या म्हणून साडेबाराचं कोडं मला इथे बसून सुटलं, नाहीतर मीही ‘रीस्टार्ट करून बघा’ एवढंच लिहिलं असतं. डोंबिवलीहून बघायचं तर पायला रोज सकाळी सातला तुम्हाला एकच निरोप पाठवायला लावा, ‘ठीक आहे, टाकी इतकी’. निरोप आला नाही तर बिघाड. दिवसाला चाळीस सूचना येणारा माणूस आठवड्यात सगळ्याच बंद करतो. बाहेरून घरच्या यंत्रणेत शिरायला राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटला खुलं दार, उघडू नका, व्हीपीएन, म्हणजे खाजगी सुरक्षित वाट, लावा.

मेन बोर्डाच्या दाराला आतून एक कागद, मोठ्या अक्षरांत: कुठला एमसीबी कशाचा, पंप थांबला नाही तर काय पाडायचं, गावातल्या वायरमनचा नंबर. त्या वायरमनला पुढच्या खेपेला चहाला बोलवा आणि काँटॅक्टरची जोडणी त्याच्याच हाताने करून घ्या, म्हणजे पुढे तुम्ही नसताना त्याला ती ओळखीची असेल. काँटॅक्टर, ओव्हरलोड आणि फ्लोट चिपळूणला मिळतील. जाताना मोटरच्या पाटीचा फोटो काढून न्या, अँपिअरचा आकडा नीट वाचता येईल असा. पाटी गंजली असेल तर वायरमनकडे क्लॅम्प मीटर असतो, चालू मोटरवर मोजून घ्या.